बांगड्याचें तिखलें

'फॅमिली' हा शब्द आपण इंग्रजीकडून उसना घेतला खरा. पण आपल्या घरीं आल्यावर त्याचें गोत्रच बदललें. माझ्या आजोबांच्या पिढींतले गृहस्थ 'फॅमिली माहेरीं गेली आहे' असें म्हणत, तेव्हां त्यांच्या मनांत केवळ पत्नी असे. आणि त्यांत त्यांचा दोष तरी काय? 'आमचें कुटुंब' असें मराठींत म्हणतांनाहि त्यांना पत्नीच अभिप्रेत होती. पुढें मुंबईच्या इराण्यांनीं आपल्या उपाहारगृहांत 'फॅमिली रूम' नांवाचे लाकडी आडोसे घातले. बाईमाणसांनीं परक्यांच्या नजरेआड बसून चहा घ्यावा, एवढाच त्यांचा उपयोग. आज कोंकणच्या कोणत्याहि किनाऱ्यावर जा, 'फॅमिली रेस्टॉरंट' अशी पाटी दिसल्यावांचून राहत नाहीं, आणि तिचा अर्थ 'येथें बायकामुलांना घेऊन निःशंक यावें' इतकाच असतो. पत्नी, मग सर्व स्त्रिया, मग सभ्यता, असा ह्या शब्दाचा प्रवास झाला आहे. भाषा शिकविणें हा माझा व्यवसाय असल्यामुळें पाट्या वाचण्याची मला खोड आहे. आणि परवांच्या नाताळच्या सुटींत मालवणच्या बाजारांतल्या अशाच एका पाटीखालून आंत शिरतांना मी हेंच मनाशीं घोळवीत होतों. आम्ही सहा जण होतों. माझे काका व काकू, मी, माझी पत्नी, बंगळूरला नोकरी करणारी माझी मुलगी, आणि माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या.

मालवणला आम्ही हवा खाण्यासाठीं गेलों नव्हतों. तेथें आमचें जुनें घर आहे आणि त्याच्या विक्रीचीं बोलणीं चाललीं होतीं. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे बंधु, मालवणांतच राहतात. गिऱ्हाईक त्यांनींच पाहिलें होतें. माझे वडील हयात नसल्यामुळें त्यांचा वाटा माझ्याकडे येतो, तेव्हां ह्या विक्रींत मीहि लाभार्थी आहें, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. राहिली आत्या. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें बापाच्या मिळकतींत मुलीला वाटा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींतहि तिला मुलाच्या बरोबरीला आणून बसविलें. पण कायदा जें एका हातानें देतो तें दुसऱ्या हातानें काढून घेण्याची युक्ति समाजापाशीं तयारच असते. तिला 'हक्कसोडपत्र' असें म्हणतात. बहिणीनें आपला हक्क भावांच्या लाभांत स्वखुशीनें सोडावयाचा, आणि माहेरचें दार तिच्यासाठीं उघडें राहावयाचें, असा हा अलिखित व्यवहार आहे. काकांनीं मसुदा करून ठेवला होता. सोमवारीं सकाळीं दुय्यम निबंधकांच्या कचेरींत जाऊन आत्यानें सही करावी, असें ठरलें होतें. कोणीं ठरविलें तें सांगणें कठिण आहे. अशा गोष्टी घरांत आपोआप ठरतात. काका लोभी आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. दर वर्षीं पावसाच्या तोंडावर नळे परतण्याचा खर्च एकट्या त्यांनींच सोसला, आणि ज्या घरांत कोणी राहत नाहीं त्याचे नळे परतणें हें किती कंटाळवाणें काम आहे हें कोंकणांतला माणूसच जाणे. आत्याला विचारलें तेव्हां ती 'बघूया' एवढेंच म्हणाली. तिचें 'बघूया' हें होकारार्थीं असतें, अशी आमच्या घरांत फार दिवसांची समजूत आहे.

शनिवारीं आम्ही कोल्हापुराहून निघून फोंडाघाट उतरलों, आणि कसालवरून वळून दुपारपर्यंत मालवणला पोहोंचलों. सिंधुदुर्ग किल्ल्याविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांत मीं भर घालावी असें कांहीं नाहीं. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरांत महाराजांनीं पायाचा दगड बसविला. इंग्रजांनीं १७६५ सालीं तो घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें, आणि तें नांव मालवणच्या लाटांनीं केव्हांच धुऊन टाकलें. चोहोंकडे खारें पाणी असतां आंत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव ह्या विहिरींचें पाणी गोडें आहे, ह्याचें माझ्या मुलीला फार नवल वाटलें. आत्या पडावांत बसली नाहीं. मी लहानपणीं पुष्कळ वेळां पाहिला आहे, मला त्यापेक्षां धक्क्यावर बसूं द्या, असें तिनें सांगितलें.

रविवारीं संध्याकाळीं मात्र ती होऊन म्हणाली कीं किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो तो पाहावयाचा आहे. मालवणचा तो देखावा पाहण्यासारखा असतो. होड्या वाळूला लागतात, टोपल्या उतरतात, वाळूवरच मासळीचे ढीग पडतात, आणि घेणारांचें कडें त्यांभोंवतीं उभें राहतें. बोली इतक्या झरझर वाढते कीं परक्याला ती ओरड भांडणाची वाटावी. सुरमई आणि पापलेट ह्यांच्याभोंवतीं मोठे व्यापारी होते. बांगड्याच्या ढिगाभोंवतीं बायका अधिक. बांगडा हा थव्यानें हिंडणारा मासा आहे. त्याचा थवा किनाऱ्याजवळ आला म्हणजे रापण लावणारे होडीनें त्याला वळसा घालून लांबच लांब जाळें टाकतात, आणि जाळ्याचीं दोन्ही टोकें किनाऱ्यावरून माणसें ओढून आणतात. जेवढे हात ओढावयास लागले तेवढे वांटे पडतात. यांत्रिक नौकांचीं पर्ससीन जाळीं आल्यापासून किनाऱ्यापर्यंत थवा पोहोंचतच नाहीं अशी रापणकरांची तक्रार आहे. त्यावरून ह्या किनाऱ्यावर भांडणें झालीं, आणि २०१६ सालीं राज्य शासनानें त्या जाळ्यांवर निर्बंधहि घातले. इंग्रजी कोशांत बांगड्याला 'मॅकरेल' असा प्रतिशब्द असतो. तो चालवून घ्यावा लागतो, पण विलायती मॅकरेल आणि आपला बांगडा हीं चुलत भावंडें आहेत, एक नव्हेत.

आत्या एका टोपलीपाशीं वांकली. तिनें एक बांगडा उचलला, अंगठ्यानें त्याचा कल्ला वर करून आंतला तांबडा रंग पाहिला, बोटानें पाठ दाबली, आणि तो परत ठेवला. "घे गे आये, आत्तांचो आसा," टोपलीवाली म्हणाली. आत्या हंसली आणि पुढें गेली.

आत्यानें मासा पारखावा ह्यांत आम्हांला कांहींच विशेष वाटलें नाहीं. पन्नास वर्षें तिनें दुसरें काय केलें? १९७४ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, तिचे यजमान गेले, आणि ती आमच्याकडे कोल्हापुरास राहावयास आली. मी त्या वेळीं चार वर्षांचा होतों. माझे आजोबा सुधारकी मताचे होते. आगरकरांचे निबंध त्यांनीं बांधून घेतले होते आणि 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक त्यांच्या कपाटांत वर्षवार लावलेले असत. त्यांनीं मुलीला पांढऱ्या लुगड्यांत बसूं दिलें नाहीं. तिला शिक्षिकेचें शिक्षण देवविलें, नोकरी धरावयास लाविली, एवढेंच नव्हे तर पुनर्विवाहाची गोष्टहि तिच्यापाशीं काढली. ती नको म्हणाली. त्या काळीं एका बापानें ह्याहून अधिक काय करावें? पण ती आमच्या घरीं जेवावयास बसली तेव्हां तिच्या ताटांत मासळी नव्हती. ती कोणीं वर्ज्य केली नाहीं, आणि कोणीं वाढलीहि नाहीं. आम्हां सारस्वतांच्या घरांत विधवेच्या ताटांतून मासळी निघून जाते, ही गोष्ट इतकी जुनी आहे कीं आजोबांच्या सुधारणेला ती दिसलीच नसावी. डोकें, लुगडें, पाटी-पुस्तक ह्या उघड्यावरच्या गोष्टी होत; ताट भिंतीआड होतें.

आणि गंमत अशी कीं त्या घरांत मासळी रांधीत असे ती आत्याच. कोंकणांतून रविवारीं आलेली मासळी निवडणें, साफ करणें, वाटप वाटणें, सारें तिचें. रांधतांना ती चव घेत नसे. मीठ बरोबर पडलें आहे कीं नाहीं हें ती कढ आला कीं वासावरून सांगत असे, आणि तिचें मीठ चुकल्याचें मला आठवत नाहीं. सात-आठ वर्षांचा असतांना मीं तिला विचारलें होतें कीं तूं कां खात नाहींस. ती म्हणाली, "माका वशाट सोसत नाय." पोरानें आणखी काय विचारावें? पुढें तेंच उत्तर घरांत रूढ झालें. आत्याला सोसत नाहीं, म्हणून तिच्यासाठीं वेगळी आमटी.

ह्या विषयाचा मीं पुढें थोडाफार मागोवा घेतला आहे. चित्पावनांच्या घरांत हा प्रश्न उद्भवत नाहीं, कारण तेथें मासळी कोणाच्याच ताटांत नसते. बंगालमध्यें मात्र तो आमच्याहून तीव्र होता. तेथील उच्चवर्णीय विधवांना मासळीच काय, कांदा, लसूण आणि मसुरीची डाळसुद्धां वर्ज्य असे. आणि त्या बायांनीं उरलेल्या भाज्या-सालींतून जो स्वयंपाक घडविला, त्याची आज बंगाली पाकशास्त्रांत मोठी वाखाणणी होते. ही वाखाणणी वाचली म्हणजे मला थोडें अवघडल्यासारखें होतें. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांतल्या हेरवाड ग्रामपंचायतीनें २०२२ च्या मे महिन्यांत विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनानें त्याचें अनुकरण करण्याविषयीं इतर गांवांना परिपत्रक धाडलें. कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र आणि जोडवीं काढणें ह्या गोष्टी त्या ठरावानें चव्हाट्यावर आणल्या, हें फार मोठें काम झालें. ताटाचा विषय त्यांत येण्याचें कारणच नव्हतें. तो घराघराचा, आणि ज्या घरांत मासळी शिजते त्याच घरांचा.

आतां त्या उपाहारगृहाकडे वळूं. तें पूर्वीं एका बाईंनीं आपल्या पडवींत चालविलेली खानावळ होती, असें काकांनीं सांगितलें. आतां तेथें गार हवेचा 'फॅमिली हॉल' आहे, आणि चकचकीत आच्छादनाच्या खाद्यसूचींत कोंबडी-वड्यांच्या शेजारीं चिनी नूडल्सहि नांदतात. काकांनीं त्या सूचीकडे न पाहतांच हुकूम सोडला: पांच सुरमईच्या थाळ्या, एक व्हेज. पोऱ्यानें तो मोठ्यानें पुन्हां म्हटला: "पांच सुरमय, एक व्हेज." व्हेज कोणासाठीं हें त्यानें विचारलें नाहीं, आम्हां सर्वांवरून नजर फिरवून त्यानें तें ओळखलें असावें. तो वळणार इतक्यांत आत्या म्हणाली,

"बांगडो आसा काय रे?"

"आसा ना. फ्राय करूं?"

"फ्राय नको. तिखलां करतास? तिरफळां घालून?"

"करतो आजये."

"मग माका तां हाड. व्हेज नको."

मेजावर शांतता पसरली, असें मी लिहिणार होतों. पण तें खरें नव्हे. शेजारच्या मेजावर लहान मुलें कालवा करीत होतीं, आणि भिंतीवरच्या दूरदर्शन-संचावर क्रिकेटचा सामना चालला होता. आमच्यापैकीं कोणी बोललें नाहीं एवढेंच. काकूंनीं पदर सांवरला. माझी मुलगी माझ्या तोंडाकडे पाहूं लागली. शेवटीं काका म्हणाले, आणि अगदीं मऊ आवाजांत म्हणाले, "अक्का, तुका सोसत नाय मां?"

"सोसता काय नाय, तां आज बघूया," आत्या म्हणाली.

काकांना वाराचाहि आधार घेतां येईना. तो दिवस रविवार होता. सोमवार असता तर घरांतल्या कोणीच खाल्लें नसतें, आणि प्रश्न निकालांत निघाला असता. "ह्या वयांत पोटाला एकदम..." अशी त्यांनीं सुरुवात केली, तेव्हां माझी पत्नी, जी एरव्हीं सासरच्या वडील माणसांच्या बोलण्यांत पडत नाहीं, ती पोऱ्याला म्हणाली, "त्यांचें आधीं आणा. आमचें सावकाश येऊं द्या."

तिरफळाविषयीं दोन शब्द येथें सांगणें अवश्य आहे, कारण घाटावरच्या वाचकांना तें ठाऊक नसण्याचा संभव आहे. अंगाखांद्यावर कांटे असलेल्या झाडाचें तें मिऱ्याहून कांहींसें मोठें फळ असतें. वाळलें कीं तें उकलतें. आंतलें काळें बीं काढून टाकावयाचें आणि नुसतें टरफल ठेवावयाचें. चिनी लोक ज्या मिऱ्यानें जीभ बधीर करून घेतात त्याच कुळांतलें हें. त्याचा वास लिंबाच्या सालीच्या जवळचा, पण रानटी. आणि तें जिभेला झोंबत नाहीं, तर तिच्यावर मुंग्या सोडतें. बांगडा किंवा तारली अशा तेलकट, उग्र मासळीलाच तें शोभतें. पापलेटांत कोणी घालूं लागला तर त्याला मालवणांत वेड्यांत काढतील. बांगड्याच्या तिखल्यांत तांबड्या मिरचीचें वाटप, आंबटपणासाठीं सोलें, आणि शेवटीं ठेंचून टाकलेलीं तिरफळें. हें साधें कालवण आहे. पाहुण्यांना तें करीत नाहींत; घरच्यांना करतात.

तें आलें. आत्यानें ताटली जवळ ओढली, आणि आधीं वास घेतला. कढ आला म्हणजे ती चुलीपाशीं जसा घेत असे तसाच. मग उजव्या हाताच्या तीन बोटांनीं तिनें बांगड्याची पाठ उकलली, मधला कांटा शेपटीकडून धरून एका ओढींत अखंड बाहेर काढला, आणि ताटलीच्या कडेला आडवा ठेवला. पन्नास वर्षांत ज्या हातानें एक घास घेतला नव्हता, तो हात कांहींच विसरला नव्हता. आम्ही बाकीचे पाहत होतों, आणि पाहत नसल्याचें भासवीत होतों. मुलीनें छायाचित्र काढण्यासाठीं फोन उचलला, तो तिच्या आईनें हलकेंच खालीं करविला. मला वाटलें, आत्याच्या डोळ्यांना पाणी येईल. कादंबऱ्या वाचून आपल्याला अशा अपेक्षा करण्याची संवय लागलेली असते. पाणी वगैरे कांहीं आलें नाहीं. तिनें दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि म्हणाली, "तिरफळां जुनी आसत. आणि मीठ थोडां कमी."

"आजी, पण आवडलें का?" मुलीनें विचारलें.

"आवडूंक काय झाला? माका पयल्यापासूनच आवडतां," आत्या म्हणाली.

काकांचा हात सुरमईवर तसाच राहिला. ते तिच्याहून चार वर्षांनीं लहान; तिच्या कडेवर वाढलेले. मला वाटतें, त्या घटकेला त्यांच्या डोळ्यांपुढें तीं सारीं जेवणें येऊन गेलीं असावींत, जीं त्यांनीं कोल्हापुरास आमच्याकडे येऊन तिच्या हातचीं खाल्लीं होतीं. किंवा कदाचित् ते दुसऱ्या दिवशींच्या सहीचाच विचार करीत असतील. माणसाच्या मनांत एका वेळीं दोन्ही असूं शकतें. कांहीं वेळानें त्यांनीं पोऱ्याला हांक मारली आणि आत्यासाठीं आणखी एक बांगडा सांगितला. "दुसरो नको," ती म्हणाली, "सोलकढी हाड." ती तिनें दोन वाट्या घेतली.

रात्रीं तिला सोसतें कीं नाहीं ह्या काळजीनें माझी पत्नी दोनदां उठली. आत्या गाढ झोंपली होती.

सोमवारीं कचेरींत ठरल्याप्रमाणें आम्ही साडेदहाला गेलों. मसुदा लिहिणाऱ्या गृहस्थांनीं आत्यापुढें कागद सरकविला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलें. तिनें चष्मा पुसला, कागद उचलला, आणि पहिल्या ओळीपासून वाचावयास सुरुवात केली. तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेली बाई ती. तिनें दोन ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घ चुकल्याचें दाखविलें. 'स्वखुशीनें' ह्या शब्दापाशीं ती पुन्हां थांबली, पण तेथें तर लेखन बरोबर होतें. सर्व वाचून झाल्यावर तिनें कागदाची नीट घडी घातली व ती आपल्या पिशवींत ठेवली. "घरी जावन परत वाचतंय, मगे सांगतंय," ती काकांना म्हणाली. काकांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं आत्याची पिशवी उचलली आणि आम्ही बाहेर पडलों.

मोटारींत बसण्यापूर्वीं तिनें बाजारांत गाडी थांबविली आणि यंदाचीं, नवीं तिरफळें पाहून घेतलीं. फोंडाघाट चढेपर्यंत ती मागच्या बाजूस बसून मांडीवरच्या वर्तमानपत्रावर त्यांतलीं बियें निवडून काढीत होती, आणि त्या वासानें सगळी गाडी भरून गेली होती. काकांचा फोन अजून दर आठवड्यास येतो. ते घराची चौकशी करीत नाहींत. अक्काची प्रकृति कशी आहे तेवढेंच विचारतात, आणि मी बरी आहे म्हणून सांगतों. मसुदा आत्याच्या ट्रंकेंत आहे. रविवारीं बाजारांत बांगडे दिसले तर घेऊन ये, असें ती मला शनिवारीं रात्रींच बजावून ठेवते. पूर्वीं आम्ही चार आणीत असूं, आतां सहा आणतों.